सात नंबरचा उंबर

“तोंड मिटा, मावशी. डोळे पण,” सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचा तो जाड हिरवा रेनकोट माझ्या डोक्यावर पडला. मग मला काही दिसलं नाही, नुसतं ऐकू येत होतं. पिठाच्या गिरणीत कान घातल्यासारखा आवाज. रेनकोटाच्या आत माझ्याबरोबर मोहोळाच्या माश्याही शिरल्या होत्या. एक मानेला डसली, एक कानामागे. ओरडायला तोंड उघडलं तर तिसरी ओठाला. वर सिस्टरांचं सगळं वजन. बाई काटकुळी, पण त्या वेळी कांद्याच्या गोणीसारखी जड लागली.

“पळू या,” मी आतूनच म्हणाले.

“तुमचे गुडघे आणि माझं वय. कुठे पळणार? सरपटा. समोर घाणेरीची जाळी आहे, तिच्यात शिरायचंय.”

मी सरपटले. दगड, काटे, शेण, सगळ्यावरून. त्या माझ्या पाठीवर हात ठेवून बाजूनं येत होत्या आणि मला सांगत होत्या, डावीकडे, अजून डावीकडे, थांबू नका. आवाज असा, की वॉर्डात कुणाला कूस बदलायला सांगताहेत. त्यांच्या अंगावर अर्ध्या बाह्यांचा सुती पंजाबी ड्रेस होता. रेनकोट एकच होता.

एक गोष्ट मला तेव्हाच दिसली होती आणि तिचा तेव्हाच रागही आला होता. माश्या उठल्या तेव्हा सिस्टर आधी माझ्याकडे आल्याच नाहीत. मी बोंबलत होते, आणि त्या सरळ उंबराच्या बुंध्याशी गेल्या, वाकल्या, खालचं काहीतरी हातानं उचलून गंगेत फेकलं, आणि मग माझ्याकडे आल्या. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.

मी त्यांची भाडेकरू. नवरा गेल्यावर चांदवड सोडून नाशकात आले, एका मेसमध्ये पोळ्या लाटायला लागले. कॉलनी शहराच्या अगदी कडेला. मागच्या गेटातून बाहेर पडलं की पेरूची बाग, बाग संपली की गंगेचा काठ, आणि काठानं वर चालत गेलं की लावलेलं जंगल. खोली बघायला गेले तेव्हा सिस्टरांनी मला जात विचारली नाही, मागे कोण आहे तेही विचारलं नाही. “चालता येतं का?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, चालता नाय आलं तर इथवर कशी आले असते. “मग उद्या साडेपाचला मागच्या गेटपाशी,” त्या म्हणाल्या. खोलीची किल्ली मला दुसऱ्या दिवशी चालून आल्यावर मिळाली.

त्या देवळाली कॅम्पातल्या एका हॉस्पिटलात नर्स होत्या, रिटायर होईपर्यंत. लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. घरात एक बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे रोज एक फूल. उदबत्ती नाही. धुरानं भिंती काळ्या होतात, म्हणायच्या. तो रेनकोट कॅम्पातल्या बाजारातला, लष्करी. वैशाखाच्या उन्हातसुद्धा त्या तोच घालून निघायच्या, कारण त्याला चार खोल खिसे होते. एकात पक्कड, एकात सुतळी, एकात चिंध्या, एकात बिनसाखरेच्या चहाचा छोटा थर्मास. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, रोज खडू लावलेले. कॉलनीतली पोरं त्यांना हवालदार म्हणायची. त्यांना माहीत होतं.

बाकीचे लोक मॉर्निंग वॉकला जायचे. सिस्टर राउंडला जायच्या.

काठावरच्या झाडांना त्यांनी बेडचे नंबर दिले होते. एक नंबर गेटाबाहेरची बाभूळ. दोन नंबर करंज, पाण्याकडे वाकलेला. चार नंबर निलगिरी, तिच्याकडे त्या फारसं बघायच्या नाहीत, म्हणायच्या हिला काही होत नाही, नुसतं पाणी मागते. पाच नंबर जांभूळ. प्रत्येकापाशी थांबायचं, पालथा हात खोडाला लावायचा, ताप बघतात तसा. “झोप लागली का?” असं विचारायचं. मग क्षणभर थांबायचं. उत्तर आलं की नाही ते त्यांच्या तोंडावरून कळायचं नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, ह्या बाईच्या घरात राहायचं म्हणजे अवघड हाय.

राउंडमध्ये गप्पा मारायच्या नाहीत. कॉलनीतल्या दोघीतिघी आमच्याबरोबर यायला लागल्या होत्या, सुनांच्या तक्रारी घेऊन. सिस्टर त्यांना म्हणाल्या, “भेटायची वेळ चार ते सहा.” त्या परत आल्या नाहीत.

मला त्या मावशी म्हणायच्या. मी वयानं त्यांच्याहून लहान, तरी मावशी. हॉस्पिटलात झाडू-पोछा करणाऱ्या, भांडं देणाऱ्या बायांना मावशी म्हणतात, हे मला माहीत होतं. सुरुवातीला टोचलं. एकदा बोलूनही दाखवलं, की मी तुमची मावशी नाय आणि तुमच्या हॉस्पिटलातलीही नाय. त्या म्हणाल्या, “वॉर्ड मावशीच चालवते. सिस्टर नुसती सह्या करते.” मग चिंधी माझ्या हातात दिली आणि करंजाच्या खोडावरचा चुन्याचा डाग पुसायला लावला.

पक्कड होती खिळ्यांसाठी. क्लासवाले, पाणी-टाकीवाले, प्लॉटवाले, सगळे झाडांना खिळे ठोकून पाट्या लावतात. सिस्टर पाटी सुतळीनं सोडवून खाली ठेवायच्या, फाडायच्या नाहीत, आणि खिळा हळूहळू पिळून बाहेर काढायच्या. जागेवर शेण आणि मातीचा लेप. हे काम चाललं की मी चिंधी घेऊन उभी. एकदा पाटीचा मालकच तिथं आला, गाडीवरून. चांगला इन केलेला, गॉगल. बाई, ही माझी पाटी आहे, माझे पैसे गेलेत, वगैरे बोलला. सिस्टरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “बूट काढा.”

“कशाला?”

“तुमच्या पायात दोन खिळे ठोकते आणि माझ्या नावाची पाटी लावते. दोन वर्षं फिरा असे. मग झाडाला विचारू.”

तो हसला. त्या हसल्या नाहीत, पक्कड तशीच हातात. तो पाटी घेऊन गेला. पुढच्या महिन्यात त्याच माणसानं दुसरी पाटी लावली, पण दोरीनं. सिस्टर म्हणाल्या, सुधारणा आहे.

नऊ नंबर मेलेलं झाड होतं. साल नाही, पान नाही, नुसता सांगाडा, आणि त्याच्या ढोलीत पिंगळे. मी म्हटलं, सिस्टर, हे मेलंय, ह्याला कशाला रोज हात लावायचा. त्या म्हणाल्या, “पेशंट गेला तरी बेड लगेच मोकळा करायचा नसतो, मावशी. नातेवाइकांना येऊ द्यायचं.” मी वर बघितलं तर पिंगळ्यांची जोडी आमच्याकडेच बघत होती.

आणि सात नंबर उंबर. काठावरचं सगळ्यात मोठं झाड. पावसाळा संपला की त्याच्या वरच्या फांदीला आग्या मोहोळ यायचं. सुपाएवढी काळी पोळी, जवळ जाऊन बघितलं तर ती हलते. उन्हाळा संपता संपता माश्या निघून जायच्या आणि पुन्हा दिवाळीच्या सुमाराला त्याच फांदीवर. सात नंबरला सिस्टर हात लावायच्या नाहीत. दहा पावलं लांब उभ्या राहायच्या. अत्तर लावून यायचं नाही, दगड मारायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, आणि धूर तर अजिबात नाही. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, दोनदा. मला कळलं नव्हतं असं नाही.

माझी मुलगी देवळ्याला दिली. तिची दोन बाळं पोटातच गेलेली. तिसऱ्या वेळी आठवा महिना लागला आणि मी उंबराला नवस बोलले. दत्ताचं झाड. पाच गुरुवार करीन, शेवटच्या गुरुवारी धूप घालीन, पण हे मूल जगू दे. घरातल्या घरात करता आलं असतं. पण घरात उंबर नव्हता, आणि बोलताना मी सात नंबरलाच बोलले होते. देवाला एका जागी शब्द द्यायचा आणि दुसऱ्या जागी फेडायचा, हे माझ्या मनाला पटलं नाही.

सिस्टरांना सांगितलं नाही. त्यांनी नको म्हटलं असतं आणि मी ऐकलं नसतं, मग भांडण. चार गुरुवार त्या पाच नंबरपाशी खिळ्यांत गुंतलेल्या असताना मी पुढे जाऊन एक उदबत्ती लावून, नमस्कार करून परत यायची. काही झालं नाही. त्यानं धीर वाढला. पाचव्या गुरुवारी पदराखाली मातीची पणती, तिच्यात गोवरीचा तुकडा, तुपात भिजवलेला, वर धूप. तो पेटवला. वारा नव्हता. धूर काठीसारखा सरळ वर गेला. मी डोळे मिटून मुलीचं नाव घेत होते. डोळे उघडले तेव्हा फांदीवरची काळी पोळी तिथं नव्हती. सगळी हवेत होती.

सिस्टर पाच नंबरकडून पळत आल्या. बुंध्यापाशी वाकून जे उचललं ते माझी पेटलेली गोवरी होती.

जाळीत आम्ही किती वेळ होतो ते सांगता येत नाही. पलीकडच्या नर्सरीतल्या माणसांनी ओली पोती पांघरून आम्हाला बाहेर काढलं आणि द्राक्षाच्या क्रेट उतरवून पिकअपमध्ये घातलं. गाडीत सिस्टरांनी माझा ओठ बघितला, जीभ बघितली, श्वास घ्या म्हणाल्या. नखानं माझ्या मानेवरचे काटे खरवडून काढले. चिमटीत धरून ओढायचे नसतात, विष आत जातं, हेही सांगितलं, नर्सरीतल्या माणसाला, शिकवत असल्यासारखं. त्यांचा स्वतःचा चेहरा तोवर चेहरा राहिला नव्हता. हॉस्पिटलच्या दारात त्यांनी डॉक्टरला डंखाची वेळ, माझी नाडी सांगितली आणि मग खाली बसल्या. बसल्या त्या उठल्या नाहीत.

मला तेवीस डंख. एका दिवसात घरी पाठवलं. त्यांच्या अंगातून दीडशेच्या वर काढले आणि मग मोजणं सोडलं. किडनीवर आलं होतं. दोन दिवस डॉक्टर नीट बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या खोलीवर आले. बँकेतून रिटायर झालेला माणूस, सरळ, वाईट नाही. खुर्चीवर बसून त्यांनी विचारलं, की माश्या आपोआप उठल्या का? मी हो म्हटलं. कुणी दगड मारला नाही? नाही म्हटलं. धूर वगैरे? नाही म्हटलं. खोटं बोलले. सिस्टर वाचल्या तर मला खोलीत ठेवायच्या नाहीत, आणि नाही वाचल्या तर कॉलनीवाले ठेवायचे नाहीत. माझ्या डोक्यात खोली होती.

ते म्हणाले, मग बंदोबस्त करावाच लागेल. रविवारी माणूस बोलावलाय, बांबूला टायर बांधून मोहोळ जाळून टाकेल. आणि फांद्या उतरवायचा अर्ज देतो. शक्य झालं तर झाडच.

शनिवारी मी हॉस्पिटलात गेले. सिस्टरांचे डोळे दोन चिरांएवढे उघडत होते. एक हात सलाइनला, दुसऱ्या हाताच्या तळव्याला बँडेज. डॉक्टर तेच विचारत होता, की हे भाजलेलं कसं काय, माश्यांनी भाजत नाही. सिस्टर म्हणाल्या, “चहाचं पातेलं. सकाळी निघताना.”

मी तिथंच उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, की आधी गोवरीकडे का गेलात, मी मरत होते. खरं तर माफी मागायची होती, पण तोंडातून हे निघालं.

“रक्त वाहत असलं की आधी रक्त थांबवायचं,” त्या म्हणाल्या. बोलायला त्रास होत होता. “मग पेशंट. तुमचं सगळं व्रत झालं ना?”

“झालं.”

“बरं. काटा रुतला की माशी जगत नाही. माझ्या अंगातून त्यांनी जेवढे काटे काढले तेवढ्या गेल्या.”

मी त्यांना रविवारचं सांगितलं. टायरचं, अर्जाचं. वाटलं ओरडतील. त्या छताकडे बघत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, “सात नंबरला कुणी नातेवाईक नाही, मावशी.”

मी बस पकडून परत आले. मारुतीच्या देवळापुढच्या शेडमध्ये सोसायटीची मीटिंग चालली होती. पंचवीस-तीस माणसं. मी अशा मीटिंगमध्ये कधी बोललेली नव्हते. चौथीत कविता म्हणायला उभं केलं होतं तेव्हाही मी घाबरून खाली बसले होते. सेक्रेटरी मला बघून म्हणाले, या आजी, तुम्हीच सांगा सगळ्यांना काय झालं ते.

“धूर मी केला,” मी म्हणाले. “गोवरी, तूप आणि धूप. बरोबर मोहोळाखाली. सिस्टरांनी मना केलं होतं.”

सेक्रेटरी म्हणाले, “काल का नाही सांगितलंत?”

“खोली जाईल म्हणून.”

तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, ही तर खाल्ल्या घरचे वासे मोजणारी. दुसरी म्हणाली, त्या बिचारीनं हिच्यावर अंग टाकलं आणि ही तोंड शिवून बसली. मी ऐकून घेतलं. त्यात चुकीचं काही नव्हतं. मागून एक पोरगेला माणूस म्हणाला, “मग आता माश्यांऐवजी आजींना जाळायचं का?” लोक हसले. सेक्रेटरीसुद्धा. त्या हसण्यानं ते काम सोपं झालं. मी म्हटलं, “मला जाळा नायतर घराबाहेर काढा, पण माश्यांनी काय केलंय? तुमच्या घराखाली कुणी टायर पेटवला तर तुम्ही काय कराल?” आणि खाली बसले.

रविवारी माणूस आला नाही. अर्ज गेला नाही. सेक्रेटरींनी पाटी करून आणली, इथे धूर करू नये अशी, आणि ती मला दाखवून सुतळीनं बांधली. खिळा नाही.

त्याच आठवड्यात देवळ्याहून फोन आला. मुलीला मुलगी झाली, सुखरूप. सिस्टरांना सांगितलं तर म्हणाल्या, “धुरानं नाही, डॉक्टरनं.” तोवर सूज उतरली होती आणि त्या नर्सेसना सलाइनचे थेंब मोजायला शिकवत होत्या. नर्सेस कंटाळल्या होत्या.

मीटिंगचं मी त्यांना सांगितलं नाही. सेक्रेटरींनी सांगितलं असणार. घरी आल्यावर दहाव्या दिवशी सकाळी साडेपाचला त्यांनी माझं दार वाजवलं. काठी टेकत, रेनकोट खांद्यावर. घालवत नव्हता. तो त्यांनी काढला आणि माझ्याकडे दिला, आतल्या पक्कड-सुतळी-थर्माससकट. मी घातला. मला लांब व्हायचा. अजून होतो.

“चला, सिस्टर,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं माझ्यामागे कुणी उभं आहे. वळून बघितलं. कुणी नव्हतं.

खोली सोडा असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. त्यानंतर त्या तीन वर्षं जगल्या, रोज राउंड, नंतर नंतर फक्त तीन नंबरपर्यंत. गेल्या त्या झोपेत, थंडीच्या दिवसात, न्यूमोनियानं. पुतण्या दूर नोकरीला, त्याला यायला वेळ लागला. शेजारच्या बाया अंथरूण काढायला आल्या, की असं ठेवू नये, बरं नसतं. मी काढू दिलं नाही. चादर सरळ केली, उशी झटकली आणि पुतण्या येईपर्यंत दारात बसून राहिले. तो आला, पलंगापाशी बसला, रडला. मग मी काढलं.

घर आता पुतण्याचं. त्यानं मला खोलीत राहू दिलंय. सकाळी मी जाते. ताप बघते. झोप लागली का असं मी विचारत नाही, मला ते जमत नाही. खिळे काढते. नऊ नंबर गेल्या पावसाळ्यात पडला, पिंगळे आता पाच नंबरच्या ढोलीत आहेत. सात नंबरपासून दहा पावलं लांब उभी राहते. दिवाळीनंतर मोहोळ पुन्हा येतं, त्याच फांदीला.

नवीन राहायला आलेले लोक पाटी वाचतात आणि मला विचारतात, की आजी, ह्या झाडाखाली कुणी मेलं होतं म्हणे. मी सांगते, माश्या मेल्या. आम्ही दोघी होतो. दोघी वाचलो.